रोज लिहूनही मन हलकं होत नाही, तेव्हा

ताई, तुमचं पत्र बरंच मोठं आहे, म्हणून इतरांसाठी त्यातलं मुख्य तेवढं आधी सांगते. तुमची आई जाऊन दीड वर्ष झालं. रामबागेतलं जुनं घर विकायचं की ठेवायचं यावरून थोरल्या भावाशी वाद झाला आणि बोलणं बंद पडलं. तो राहतो इंदुरातच, पण आईच्या वर्षश्राद्धालाही तुम्ही दोघं वेळा चुकवून आलात. मैत्रिणीने सुचवलं म्हणून तुम्ही रोज रात्री झोपायच्या आधी वही लिहायला घेतली. वह्या भरल्या, पण मन शांत होण्याऐवजी तापतं आणि झोप उडते. तुमचे प्रश्न तीन आहेत: लिहिण्यात काही चुकतंय का, आपल्याकडची हिंदी मिसळलेली मराठी अशी लिहून ठेवण्याजोगी आहे का, आणि हे सगळं भावाला वाचायला द्यावं का.

मी समुपदेशन करते आणि राजेंद्रनगर, सुदामानगर या भागांतल्या मराठी मंडळींसाठी आत्मलेखनाचे छोटे गट बरीच वर्षं चालवते आहे. तुमच्यासारखा अनुभव घेऊन येणारी माणसं मला सतत भेटतात. त्यांतल्या काहींबद्दल पुढे लिहिते आहे, ते त्यांना विचारून आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आधीच देते, कारण ते तातडीचं आहे. ही वही भावाला देऊ नका. उरलेलं अर्धं नंतर.

आता पहिला प्रश्न. तुम्ही एका पानाचा फोटो पाठवलाय आणि त्याबद्दल इथे लिहायला हरकत नाही असं म्हटलंय. त्या पानावर काय आहे? दादा स्वार्थी आहे. आईच्या आजारपणात त्याने ढुंकून पाहिलं नाही. वहिनीने त्याचे कान भरले. माझं कुणालाच काही पडलेलं नाही. ही चारही वाक्यं कदाचित खरी असतील, मी त्यावर वाद घालत नाही. पण यातलं एकही वाक्य घडलेली गोष्ट सांगत नाही. हे सगळे निकाल आहेत. दिवस कोणता, खोली कोणती, कोण काय म्हणालं, यातलं काहीच पानावर नाही. निकाल रोज लिहिला की तो रोज थोडा आणखी घट्ट होतो, आणि तो लिहून झाल्यावर मनाला करायला काही उरत नाही, म्हणून ते पुन्हा पहिल्या वाक्यापाशी येतं. तुम्ही रात्री अकरा वाजता वही मिटता तेव्हा हे चर्वितचर्वण नुकतंच रंगात आलेलं असतं. झोप कशी लागणार?

‘मनातलं सगळं कागदावर ओता, मोकळं वाटेल’ हा सल्ला आता सगळीकडे मिळतो. त्याच्या मुळाशी जे संशोधन आहे ते मात्र इतकं सरळ सांगत नाही. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सँड्रा बील यांच्यासोबत केलेला या विषयावरचा पहिला मोठा प्रयोग १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉलेजातल्या ४६ मुलामुलींना लागोपाठ ४ दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं होतं. काहींनी साध्यासुध्या विषयांवर लिहिलं. बाकीच्यांनी आयुष्यातल्या सर्वांत जिव्हारी लागलेल्या प्रसंगावर लिहिलं, पण तीन प्रकारांनी: कुणी फक्त काय घडलं ते, कुणी फक्त काय वाटलं ते, आणि कुणी दोन्ही मिळून. पुढच्या सहा महिन्यांत कॉलेजच्या दवाखान्यात जाण्याचं प्रमाण इतरांच्या मानाने कमी राहिलं ते या शेवटच्या गटाचं, घटना आणि भावना एकत्र लिहिणाऱ्यांचं. आणि लिहून उठल्याबरोबर त्यांना बरं वाटलं होतं का? नाही. त्या वेळी ती मुलं जास्त उदास होती. म्हणजे लिहिल्यावर मन जड होणं हे काही चुकल्याचं लक्षण मानू नका. ते जडपण महिनोन्‌महिने तसंच राहणं, हे मात्र काळजीचं.

पुढे या धर्तीवर खूप प्रयोग झाले. २००६ मध्ये जोआन फ्रॅटारोली यांनी अशा १४६ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा फायदा दिसला, पण सरासरीने लहान. मी हे मुद्दाम सांगते आहे. वही हे औषध नाही आणि ती सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. पेनेबेकर यांनीच नंतर लिहिणाऱ्यांचे शब्द मोजून पाहिले. ज्यांना फायदा झाला त्यांच्या लिखाणात पहिल्या दिवसापेक्षा शेवटच्या दिवशी ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता लक्षात येतं’ अशा जातीचे शब्द वाढलेले होते. त्यांचं लिखाण चार दिवसांत कुठेतरी सरकलं होतं. तुमच्या वहीत पहिल्या महिन्यातलं पान आणि कालचं पान शेजारी ठेवून पाहा. सरकलंय का?

नसेल तर काय करायचं, ते सांगते. एक दिवस घ्यायचा. ‘आईचं आजारपण’ एवढा मोठा विषय नको, त्यातला एकच दिवस, आणि जमलं तर एकच तास. खोलीत कोण कुठे होतं, खिडकी उघडी होती की बंद, पहिलं वाक्य कोण बोललं. आणि गटात मी एक प्रश्न नेहमी विचारते, तो तुम्हालाही विचारते: त्या वेळी समोरच्या माणसाच्या हातात काय होतं?

हा प्रश्न ऐकायला क्षुल्लक वाटतो. तो काय करतो, ते एका गृहस्थांच्या लिखाणावरून सांगते. साठी उलटलेले, वडील कापड मिलमध्ये कामाला होते. ते गटात आले की फिरून फिरून एकच लिहायचे, वडिलांनी कधी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. पुरावा म्हणून एक आठवण ठरलेली होती. अनंत चतुर्दशीची रात्र, मिलच्या झाँक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघालेल्या, आणि हे आठ-नऊ वर्षांचे, आईबरोबर जेलरोडवर एका ओटल्यावर जागा धरून बसलेले. वडील त्यांच्या मिलच्या झाँकीबरोबर चालत होते. हाका मारल्या, हात हलवले. वडिलांनी मान वळवून पाहिलंही नाही. ही आठवण त्यांनी आयुष्यभर सांगितली होती, बायकोला, मुलांना. मी म्हटलं, ती परत लिहा, आणि वडिलांच्या हातात काय होतं तेही लिहा. ते लिहीत गेले आणि मध्येच थांबले. वडिलांच्या दोन्ही हातांत बांबू होता. रस्त्यावर आडव्या आलेल्या विजेच्या तारा त्या बांबूने वर उचलून धरायच्या, म्हणजे खालून झाँकी सुखरूप निघते, हे त्यांचं त्या रात्रीचं काम होतं. नजर वर तारेवर. हे दृश्य त्यांच्या आठवणीत पहिल्यापासून होतं, बांबूसकट. फक्त गोष्ट सांगताना बांबूची कधी गरज पडली नव्हती.

यावरून वडील प्रेमळ होते असं काही सिद्ध झालं नाही, आणि ते तसं म्हणालेही नाहीत. वडील अबोल होते, तापट होते, ही तक्रार राहिलीच. पण त्या दिवसापासून त्यांच्या लिखाणात वडील नावाचा एक माणूस आला, ज्याला स्वतःचं काम होतं, स्वतःची भीती होती. तोवर तिथे फक्त मुलाची जखम होती. पुढच्या आठवड्यात त्यांनी आपण होऊन आपल्या मुलाबद्दल लिहायला घेतलं, आणि त्याच्या आठवणींत आपण कसे दिसत असू हा विचार त्यांना तिथे पहिल्यांदा सुचला.

माझं म्हणणं सगळं इथे आहे, ताई. आत्मपरीक्षण आणि माणसं जोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आपण धरून चालतो. आधी वहीत स्वतःला नीट समजून घेऊ, मग इतरांकडे जाऊ. माझा अनुभव असा की लिहिताना या दोन्ही गोष्टी एकाच जागी घडतात. समोरचा माणूस पानावर पुरता उभा राहिला, त्याचे हात, त्याचं बोलणं, त्याची घाई यांसकट, की त्याच्या शेजारी आपणही पहिल्यांदा नीट दिसतो. तो धूसर राहिला तर आपणही धूसर राहतो, कितीही वह्या भरल्या तरी.

मराठीत याचा मोठा दाखला लक्ष्मीबाई टिळकांचा. नवऱ्याने १८९५ मध्ये धर्म बदलला आणि या बाईंचा संसार मुळापासून हलला. रागवायला याहून मोठं कारण कुठलं? तरी ‘स्मृतिचित्रे’ वाचताना टिळक खलनायक होत नाहीत. त्यांचा विक्षिप्तपणा, त्यांचं औदार्य, त्यांचा हट्ट, सगळं प्रसंगांतून येतं, आणि त्यातून लक्ष्मीबाई जास्त कळतात. शाळा न शिकलेल्या बाईंनी घरात बोलतात तशा भाषेत हे लिहिलं.

त्यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. तुम्ही लिहिता की पुण्याची जाऊबाई तुमच्या मराठीला हसते, म्हणून वही लिहितानाही तुम्ही ‘सब्जी’ खोडून ‘भाजी’ करता. तसं करू नका. आपल्याकडच्या घरात आई ‘काय करून राहिली?’ असंच विचारते. भांडण पेटलं की दोन मराठी भावंडं एकमेकांशी हिंदीत बोलायला लागतात, हे तर मी कितीतरी पानांवर वाचलंय. तुमच्या दादाने ‘अब तू बीच में मत बोल’ असं म्हटलं असेल, तर ते तसंच लिहा. त्याचं ‘आता तू मध्ये बोलू नकोस’ केलंत की तो दादा उरत नाही, आणि तुम्हाला ते वाक्य जिथे लागलं ती जागाही हरवते. या माळव्यात मुक्तिबोधांच्या एकाच घरातले थोरले गजानन माधव हिंदीत लिहिते झाले आणि धाकटे शरच्चंद्र मराठीत. दोघेही आपापल्या भाषेत मोठे कवी ठरले. दोन भाषांमध्ये वाढणं ही आपल्याकडची जुनीच रीत आहे, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. शुद्धलेखनाची चिंता तर अजिबात नको. मी गटात लाल पेन आणू देत नाही.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. रात्री लिहिणं आजपासून बंद करा. दुपारी लिहा, घरात थोडी वर्दळ असताना, आणि लिहून झाल्यावर लगेच करण्यासारखं एखादं काम ठरवून ठेवा, अगदी गव्हातले खडे काढायचे असले तरी चालेल. पंधरा-वीस मिनिटं पुरेत. रोज लिहिण्याचा नेम धरू नका. चार दिवस लिहा, मग काही दिवस वही बंद. एखादा प्रसंग फारच भाजत असेल तर तो ‘मी’ असं न लिहिता ‘ती’ असं लिहून पाहा, किंवा माहेरी तुम्हाला ज्या लाडक्या नावाने हाक मारायचे ते नाव घालून. इथन क्रॉस आणि ओझलेम आयडुक यांच्या अभ्यासांत असं दिसलंय की दुखावणारा प्रसंग थोडा दुरून, बाहेरच्याच्या नजरेने पाहिला तर माणूस त्यात कमी गुरफटतो. माझ्या गटातल्या बायकांना हे चटकन जमतं.

आणि लिहिताना आपला तोल सुटतोय असं वाटलं तर तिथेच थांबायचं. हा नियम पेनेबेकरही सांगतात. वही नंतर पुन्हा उघडता येते. झोप आठवड्यांमागून आठवडे लागत नसेल, जेवणावरची वासना गेली असेल, जगणं नको वाटत असेल, तर त्यावर वही हा उपाय नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर आहे, तिथे कधीही फोन करता येतो. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही, पण हे वाचणाऱ्यांत कुणाला गरज असू शकते.

लिहिलेलं कुणाला वाचून दाखवावं का? हो, पण भावाच्या आधी दुसऱ्या कुणाला तरी, आणि तोंडाने मोठ्याने वाचून. ऐकणाऱ्याशी आधी ठरवून घ्या: सल्ला द्यायचा नाही, ‘माझ्या नणंदेनेही अगदी असंच केलं’ म्हणून स्वतःची गोष्ट सुरू करायची नाही, कोण बरोबर कोण चूक ते ठरवायचं नाही. वाचून झाल्यावर फक्त इतकं सांगायचं की कुठलं वाक्य मनात राहिलं. आम्ही गटात एवढंच करतो. लोकांना वाटतं, हे सोपं आहे. पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही. या शहरात मराठी कार्यक्रमांना तोटा नाही. साहित्य संमेलनंच इथे १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीनदा झाली. पण शेजारच्या बाईंचं एक साधं पान दहा मिनिटं गप्प बसून ऐकायचं, याला जागा फार थोडी आहे. ज्यांच्याशी तीस वर्षं फक्त महागाईवर आणि मुलांच्या पॅकेजवर बोलणं झालं, त्या शेजारणी एकमेकींची पानं ऐकून पुढच्या भेटीला वेगळ्याच बसलेल्या मी पाहिल्यात. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र असलं पान टाकू नका. तिथे कुणीतरी हात जोडल्याचं चित्र पाठवतं, कुणी उलट उत्तर देतं, आणि पान वाया जातं.

आता भाऊ. वही द्यायची नाही, कारण त्या वहीत त्याच्याबद्दलचे निकाल आहेत, आणि निकाल वाचून कुणीही वकिली सुरू करतो. पण तुमच्या त्या पानावर खाली, समासात, एक ओळ वेगळी आहे. तुम्ही लिहिलंय, ‘नर्मदेचं पाणी यायच्या आधी दादा आणि मी बादलीच्या कडीतून काठी घालून पाणी आणायचो.’ ही ओळ वाचून मी थांबले. संपूर्ण पानात ही एकच घडलेली गोष्ट आहे.

शहरात नर्मदा आली १९७८ मध्ये. म्हणजे तुम्ही तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या असाल, दादा चौदा-पंधराचा. काठीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं तुमच्या, मध्ये भरलेली बादली. तो उंच, तुम्ही लहान. मग काठी तिरकी व्हायची, आणि बादली उताराला, म्हणजे तुमच्याकडे घसरायची. तशी ती घसरायची का? की दादा दुसऱ्या हाताने कडी धरून ती आपल्याकडे ओढून ठेवायचा? की तो पुढे भराभर चालायचा आणि पाणी तुमच्या परकरावर सांडायचं? मला माहीत नाही. तुम्हाला आठवत असेल, किंवा नसेल. त्याला आठवत असेल. यावर लिहा. विहीर की नळ, रांगेत कोण असायचं, रस्त्यात कुठे टेकायचात, घरी आल्यावर आई काय म्हणायची. तो चांगला होता हे सिद्ध करायला लिहू नका, तसंच वाईट होता हे दाखवायलाही नको. बादली कुठे होती ते लिहा.

मग त्यातून त्याला एक पत्र काढा. खरंखुरं पत्र, कागदावर, ‘ती. दादास सा. न. वि. वि.’ असं जुन्या रीतीने सुरू केलेलं चालेल. एक पानाहून मोठं नको. त्यात घराचा विषय आणायचा नाही, वहिनीचा नाही, आजारपणाचा नाही. माफी मागायची नाही, मागवायचीही नाही. पाणी आणण्याची ती आठवण लिहायची आणि शेवटी एक प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर जगात फक्त त्याच्यापाशी आहे. आईला ओळखणारी, ते घर आतून पाहिलेली माणसं आता दोनच उरलीत. तुमच्या आठवणीतली रिकामी जागा भरू शकेल असा दुसरा कुणी नाही, आणि त्याच्या आठवणीतली भरायला तुमच्याशिवाय कुणी नाही.

एक सावधगिरी. घराचा वाद कोर्टात गेला असेल किंवा जायच्या बेतात असेल, तर काहीही लेखी पाठवण्याआधी वकिलांना विचारा. पत्रात मालमत्तेचा शब्द नसला तरी विचारा.

तो उत्तर देईलच असं मी सांगत नाही. काही भाऊ देत नाहीत. काहींच्या घरी पत्र वाचलं जातं आणि कपाटात जातं. एका बाईंना महिन्यांनी फोन आला, आणि भाऊ फक्त त्यांच्या लहानपणीच्या कुत्र्याबद्दल बोलत राहिला. त्यांनीही त्यालाच धरून बोलणं चालू ठेवलं, आणि ते बरोबर केलं. उत्तर आलं नाही तर दुसरं पत्र लगेच पाठवू नका. सणावाराला, भाऊबीजेच्या आसपास, आणखी एखादी आठवण पाठवा, पुन्हा एकाच प्रश्नासह. उत्तर भांडणाचं आलं तर त्यातली एखादी घडलेली गोष्ट शोधा, असतेच, आणि उत्तर तेवढ्यालाच द्या.

मुलं बंगलोरला आहेत आणि मराठी अडखळत वाचतात, असंही तुम्ही ओझरतं लिहिलंय. त्यांच्यासाठी वेगळं काही लिहू नका. पाण्याचं पान वाचून फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. तुमच्या आवाजात ती मराठी त्यांना समजेल.

राहिल्या जुन्या वह्या. त्या जाळू नका आणि आत्ता वाचूही नका. दोऱ्याने बांधून वर ठेवून द्या. पाच-सहा महिन्यांनी काढा, पेन्सिल घेऊन बसा, आणि जिथे जिथे खरोखर घडलेलं काही आहे, एखादा शब्द, एखादी वस्तू, कुणाचं तरी एखादं वाक्य, तिथे फक्त रेघ मारा. तशा ओळी तुम्हाला वाटतात त्याहून जास्त निघतील. त्यातली एक निवडून नव्या वहीत तिच्यापासून सुरुवात करा.